विरजण शेजारचंच हवं

घर बदलताना माळ्यावरून अशा वस्तू निघतात की त्या आपणच तिथे ठेवल्या होत्या, हे आठवतही नाही. आमच्या ग्रुपच्या शिफ्टिंगच्या किश्शांचं तसंच आहे. एक ओढला की मागून चार घरंगळत येतात!

ग्रुप म्हणजे अंबडच्या एका कंपनीतल्या असेंब्ली शॉपची मंडळी. माझे मिस्टर त्यांच्यात वयाने मोठे, म्हणून सगळे त्यांना अण्णा म्हणत. इथे मीही अण्णाच म्हणते. नव्वद सालानंतर नाशिक चहूबाजूंनी वाढू लागलं आणि एकेकाचं घर व्हायला लागलं. घर झालं की सुट्टीच्या दिवशी सगळ्यांनी जमायचं, रफीकभाईंच्या मेहुण्याचा टेम्पो आणायचा आणि संध्याकाळपर्यंत त्याचा संसार लावून द्यायचा, असा आमचा रिवाज पडला. हमाल कधी बोलवावा लागला नाही.

सगळ्यांची घरं लावणारे आम्ही मात्र सिडकोत भाड्याच्या दोन खोल्यांत. "आपला नंबर येईल," अण्णा म्हणायचे, "तोवर प्रॅक्टिस चालू शे!" ते नामपूरचे. खुशीत आले की अहिराणी बाहेर पडायची.

*

पहिलं शिफ्टिंग कुलकर्ण्यांचं. टेम्पो भरला, नव्या घरासमोर उभा राहिला, आणि सगळ्यांना चहाची तल्लफ आली. स्टोव्ह कुठे? पिंपात. पिंप कुठे? पलंगाखाली. पलंग कुठे? सगळ्यांत आत!

चहासाठी म्हणून जो तो सामान उपसायला लागला. स्टोव्ह हाती लागला तेव्हा टेम्पो रिकामा झाला होता. गायकवाड घाम पुसत म्हणाले, "कुलकर्णी, तुम्ही मुद्दाम केलंत!"

तेव्हापासून चहा, साखर, काडेपेटी, स्क्रूड्रायव्हर आणि एक बल्ब यांची पिशवी वेगळी. ती टेम्पोत ठेवायची नाही, घरच्या बाईने मांडीवर घेऊन बसायचं. हा अण्णांचा पहिला नियम.

*

कुलकर्णी कंपनीत क्वालिटीला. घराचा ताबा घ्यायला गेले तेव्हा बिल्डर खिडक्या दाखवत होता, आणि हे बाथरूममध्ये बादली भरत होते. भरलेली बादली त्यांनी फरशीवर ओतली. पाणी जाळीकडे जायच्या ऐवजी उंबरा ओलांडून हॉलमध्ये आलं आणि थेट बिल्डरच्या बुटांपाशी थांबलं.

"काका, एवढं कोणी बघत नाही हो!"

"पाणी बघतं ना," कुलकर्णी म्हणाले.

फरशी उखडून पुन्हा बसवली. नंतर ग्रुपमध्ये कोणीही घर बघायला निघालं की बरोबर कुलकर्णी आणि बादली!

*

गायकवाडांनी पाथर्डी फाट्याजवळ रो-हाऊस घेतलं. त्यांचं लोखंडी कपाट जिन्याच्या वळणावर अडकलं. अण्णांनी जिना डोळ्यांनी मापला आणि सांगितलं, "बाल्कनीतून घेऊ."

दोर आले, खाली गाद्या अंथरल्या गेल्या. अण्णा रस्त्याच्या मधोमध उभे राहून क्रेनला द्यावेत तसे हातांनी इशारे द्यायला लागले. वर रफीकभाई आणि कुलकर्णी दोर ओढताहेत, गल्ली जमली आहे, मेथी विकणारी मळेकरीण पाटी खाली ठेवून बघते आहे. कपाट एकदाही भिंतीला न घासता बाल्कनीत उतरलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या!

तेवढ्यात शोभावहिनी, म्हणजे गायकवाडांच्या मिसेस, आतून आल्या. "अहो, हे वर कशाला नेलं? हे आक्कांच्या खोलीत ठेवायचं होतं. खाली!"

आक्का म्हणजे गायकवाडांच्या आई. त्या सुरुवातीपासून ओट्यावर बसून सगळं बघत होत्या. गायकवाड ओरडले, "आई, तू तरी सांगायचंस!"

"लय मजा येत व्हती बघाया," आक्का म्हणाल्या. "म्हून बोलले नाय."

दुसऱ्या दिवशी अण्णांनी कंपनीतून येताना खडू आणला. त्यानंतर प्रत्येक वस्तूवर आधी खोलीचं नाव लिहायचं, मगच ती उचलायची.

*

पण अण्णांचा लाडका नियम वेगळाच होता. नव्या घरी जाताना विरजण न्यायचं नाही. पहिल्या दिवशी ते शेजारी मागायचं, आणि घरच्या बाईने स्वतः मागायचं.

मी एकदा म्हटलं, "मागायचंच तर साखर मागावी. विरजणच कशाला?"

"साखर दिली की माणूस विसरून जातो. विरजण दिलं की दुसऱ्या दिवशी विचारायला येतो, दही लागलं का म्हणून!"

रफीकभाईंच्या वेळी सामान लावता लावता दिवेलागण झाली. नसीमभाभी वाटी घेऊन समोरच्या दारात गेल्या. दारात नऊवारीतल्या आजी.

"तिन्हीसांजेला मी विरजण देत नाही," आजी म्हणाल्या.

भाभींचा चेहरा उतरला. अण्णा पुढे होऊन काही बोलणार, तोच आजींनी मान बाहेर काढून आमच्याकडे पाहिलं. "एवढी माणसं? जेवलात का? पिठलं टाकते. या सगळे."

आम्ही सगळे जेवलो. सकाळी आजी स्वतः विरजणाची वाटी घेऊन भाभींच्या दारात हजर! पुढे आजी गावाला गेल्या की त्यांच्या घराची किल्ली रफीकभाईंकडेच असायची.

*

आमचा नंबर यायला दोन हजार साल उलटावं लागलं. इंदिरानगरमध्ये दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट. चावी मिळाली, रंगकाम सुरू झालं. कामावरून सुटले की अण्णा तिकडे डोकावून मगच घरी यायचे. रंग वाळायच्या आत ते गेले. छातीत दुखतंय म्हणाले, तेवढंच.

नातेवाइकांचं म्हणणं पडलं, फ्लॅट भाड्याने दे, एकटी कुठे जातेस? मलाही ते पटायला लागलं होतं. मग एका सुट्टीच्या दिवशी सकाळी दारात टेम्पोचा हॉर्न वाजला. बाहेर रफीकभाई, कुलकर्णी, गायकवाड, शोभावहिनी, नसीमभाभी आणि टेम्पोत पुढच्या सीटवर आक्का!

कुलकर्ण्यांच्या एका हातात बादली, दुसऱ्या हातात खडू. "वहिनी, ही कपाटं कुठल्या खोलीत, सांगा." मी सांगत गेले, ते लिहीत गेले.

सगळं अण्णांच्या पद्धतीने झालं. एक नियम मात्र मी गुपचूप मोडला होता. मांडीवरच्या पिशवीत विरजणाचा छोटा डबा ठेवला होता. अण्णांना जाऊन वर्ष झालेलं नव्हतं. अशा बाईने पहिल्याच दिवशी अनोळखी दारात उभं राहावं का? कोणाला आवडलं नाही तर? मला ती बेल वाजवायचीच नव्हती.

चहा करायला पिशवी उघडली आणि डबा आक्कांच्या हाती लागला. त्यांनी झाकण काढलं, वास घेतला, माझ्याकडे पाहिलं, आणि बोटाने चाटून पुसून डबा रिकामा केला.

"आंबट झालं व्हतं गं," त्या म्हणाल्या. "याच्यानं काय दही नीट लागलं नसतं."

"आक्का, मी कशी जाऊ कोणाच्या दारात?"

"मी तर तुझ्याहून लय आधीची रांडाव हाय. मी काय लोकांची दारं टाळत बसले? ऊठ, दिवं लागायच्या आत जाऊन ये."

रफीकभाईंनी खोक्यातून वाटी काढून माझ्या हातात दिली. मी समोरची बेल वाजवली. माझ्याच वयाच्या बाईंनी दार उघडलं. मी तोंड उघडण्याआधी त्यांनी वाटीकडे पाहिलं, आणि माझ्या मागे जिन्यात दाटीने उभ्या असलेल्या मंडळींकडे पाहिलं.

"या," त्या म्हणाल्या. "टेम्पो दिसला तेव्हाच विरजण काढून ठेवलंय. रंगकाम चालू होतं तेव्हा भाऊ सांगून गेले होते. म्हणाले, 'आमची मिसेस मागायला लाजेल. डब्यात स्वतःचं घेऊन येईल. पण आमची मंडळी ते शिल्लक ठेवणार नाहीत!'"