खुर्चीखालचा नाग आणि योग्य मार्ग

नागभीडच्या अलीकडे आमचं गाव आहे. तिथल्या वाचनालयात पुस्तकं बेताची, पण शिस्त पोतंभर. ग्रंथपालांचा लाडका शब्द होता, 'योग्य मार्ग'. शिपाईबाईनं लिपिकाला सांगायचं, लिपिकानं ग्रंथपालांना, त्यांनी कार्यवाहांना आणि कार्यवाहांनी अध्यक्षांना. वाचकांशी बोलायचं ते फक्त ग्रंथपालांनी. "पंखा बिघडला हाये, तिकडं बसा," असं बाईनं एकदा एका वाचकाला परस्पर सांगितलं, तर सगळ्यांदेखत तिची हजेरी घेतली गेली.

त्या दुपारी मी पेपर वाचत बसलो होतो. आदल्याच दिवशी गावच्या साप्ताहिकात माझा लेख आला होता. शिपाईबाई दारात आली, डोळे मोठे करून माझ्याकडे पाहिलं आणि पळाली. मग लिपिक आला, पाहून गेला. मग खुद्द ग्रंथपाल आले. एरवी नमस्काराला मानही न हलवणारा हा गृहस्थ माझ्याकडे टक लावून बघत होता. लेख पोचला म्हणायचा! मी ऐटीत पाय लांबवले.

खुर्चीखाली नाग होता. मी सोडून सगळ्या वाचनालयाला ते ठाऊक होतं.

वाचकाला सापाचं सांगायलाही वरची परवानगी हवी, म्हणून ग्रंथपालांनी कार्यवाहांना फोन लावला. ते वरोऱ्याला सोयाबीन विकायला गेलेले. सर्पमित्राला बोलवायचं तर अध्यक्षांना विचारा, म्हणाले. अध्यक्ष पाहुण्यांना वाघ दाखवायला मोहर्लीला, आणि जंगलात रेंज नाही. मग सगळे थांबले. नागही थांबला, हे त्याचे उपकार.

शेवटी बाईलाच राहवलं नाही. ती दारातून ओरडली, "भाऊ, पाय वर घ्या! खाली साप हाये!"

मी टेबलावर कसा चढलो ते आठवत नाही. नाग मात्र कुणाचीही परवानगी न घेता मागच्या दारानं निघून गेला.

दुसऱ्या दिवशी कळलं, बाईला कामावरून काढलं. कारण काय, तर वाचकाशी परस्पर बोलली. माझं टाळकंच सरकलं. ग्रंथपालांच्या टेबलावर हात आपटून म्हणालो, "तिच्यामुळं मी जिवंत आहे! तिला कामावर ठेवा."

ते शांतपणे म्हणाले, "लेखी द्या ना. पण मले नाई. वाचकाचा अर्ज आधी शिपायाकडं, मग लिपिकाकडं, मग माह्याकडं येते."

म्हणजे बाईच्या बाजूचा अर्ज मी बाईकडंच द्यायचा. दिला. दाराशी स्टुलावर बसून ती शेवटचा दिवस भरत होती. मला तिच्याकडं बघवेना.

"पाठवते वर," अर्ज घेत ती म्हणाली. "पण भाऊ, उद्यापासून बसाच्या आधी खुर्चीखाली पाहत जा. सांगाले मी नाई राहणार."