बहिणीचा दुभाषी

हे सांगणं मी कित्येक वर्षं टाळलं. कोणी विषय काढला की मी धानाच्या भावावर बोलायला लागायचो. आता सत्तरी उलटली आहे, तेव्हा जे झालं ते सरळ लिहितो.

माझ्या धाकट्या बहिणीला जन्मापासून ऐकू येत नाही. शाळा तिच्या वाट्याला आलीच नाही. घरात आम्ही हातवाऱ्यांनी बोलायचो, आणि तिचं बोलणं मलाच नीट कळतं असं सारं गाव म्हणायचं. वडील गेल्यावर रजिस्ट्री कार्यालयात तिचं हक्कसोडपत्र केलं. त्यानं तिच्या वाट्याची जमीन माझ्या नावावर होणार होती. साहेब मला म्हणाले, "बाईला विचारा, समजून देते का?" वाटा, हक्क, कायमचं, यांच्या खुणा आमच्याकडे नव्हत्या. तसं सांगायला हवं होतं. मी तिला खुणेनं विचारलं, भूक लागली का? तिनं मान डोलावली. "हो म्हणते, साहेब." अंगठा झाला. दुभाषी मी आणि जमीनही मलाच, हे कोणालाच खटकलं नाही.

पुढं तिला सौंदडला दिलं. नवरा भला, पण त्याची स्वतःची जमीन नाही. दरवर्षी ती दुसऱ्यांच्या धानाच्या बांधीत वाकून रोवणी करायची, आणि मी ते बसमधून बघत पुढे जायचो.

गेल्या वर्षी ठरवलं, तिचा वाटा परत करायचा. रस्त्याकडची, चांगल्या भावाची बांधी तिच्या नावे बक्षीसपत्र करून द्यायची. कागद तयार केला, तिला घेऊन गेलो आणि सवयीनं तिच्या शेजारी उभा राहिलो. कार्यालयानं सांकेतिक भाषेची दुभाषी बोलावली होती. कोर्स करून, परीक्षा देऊन आलेली पोरगी.

"आजोबा, तुम्ही बाहेर बसा."

"काऊन? माझी बहीण आहे ते."

"म्हणूनच तर. जमीन देणारेही तुम्हीच."

बाजूचा बाबू हसला. "बैठो दादाजी, अब आपकी ड्यूटी खतम."

दार उघडंच होतं. पोरीनं बहिणीशी बराच वेळ हातांनी बोलून पाहिलं. मग साहेबांना म्हणाली, "सर, यांच्या खुणा घरच्या आहेत. मला पूर्ण समजत नाहीत. अंदाजानं सांगणार नाही. अशा खुणा उलगडणारे एक बहिरे दुभाषी माझ्यासोबत लागतील, पुढची तारीख द्या."

समजत नाही, हे ती भर कार्यालयात किती सहज म्हणाली! मी खाली बघत बसलो.

पुढच्या तारखेला ते गृहस्थ आले. स्वतः बहिरे. त्यांनी कागदावर शेत काढलं, बांध काढले, माणसं काढली, आणि बहीण त्या चित्रावर बोट ठेवून बोलू लागली. दोन्ही हात, भुवया, खांदे, सगळं बोलत होतं. इतकं बोलताना मी तिला कधी पाहिलं नव्हतं. गृहस्थांकडून पोरीकडे, पोरीकडून साहेबांकडे असा निरोप पोचला: बाईंना रस्त्याकडची बांधी नको. बोडीखालची पाहिजे, तिथं तळ्याचं पाणी पोचतं.

साहेबांनी मला आत बोलावलं. "काय आजोबा?"

"देतो," म्हणालो. कागद नव्यानं करावा लागला. या वर्षी त्या बांधीत तिची स्वतःची रोवणी झाली.

त्या दिवशी परतताना कोहमाऱ्याला ती सौंदडच्या गाडीसाठी थांबली. मी समोर उभा होतो. माफीला आमच्याकडे खूण नव्हती असं म्हणायची सोय नाही. कान धरले की कोणालाही कळतं. माझा हात कानापर्यंत गेला, खांद्यावरचा दुपट्टा सारखा करून खाली आला. गाडी आली. ती चढली, खिडकीतून हात हलवत राहिली.

बाई, तुझा पहिला अंगठा घेतला त्या दिवशी मी तुला विचारलंच नाही. माझं चुकलं. एवढंच सांगायचं होतं.