भिंतीपलीकडची सहावी

टेंभुर्णीच्या अलीकडं फाट्यावरून आत गेलं की सातवीपर्यंतची शाळा लागते. तिथं कौसल्या खिचडी शिजवते. नऊ वर्षं झाली. कुणी विचारलं, काय करतेस, तर म्हणते, "शाळंत असते." शिजवते असं म्हणत नाही. आता यात खोटं काय आहे, सांगा! दहा ते चार ती शाळेतच असते, आणि तिथल्या निम्म्या पोरांपेक्षा जास्त लक्ष देऊन असते.

स्वतः ती चौथीपर्यंत शिकली. पाचवीला दुसऱ्या गावी जावं लागायचं. बाप नको म्हणाला आणि विषय मिटला. पुढं लग्न झालं, पायल झाली, नवरा जीप चालवतो, सकाळी जातो आणि दिवे लागल्यावर येतो. तशी तक्रार करावी असं काही नव्हतं. पण पाचवीत काय असतं, सहावीत काय असतं, हा प्रश्न तिच्या डोक्यातून कधी गेला नाही.

स्वयंपाकाची पत्र्याची खोली पाचवी-सहावी-सातवीच्या वर्गाला चिकटून. तिन्ही वर्ग एकाच खोलीत, आणि तिघांना मिळून एकच मास्तर, तातेराव गुरुजी. मधल्या भिंतीत पार वर एक जाळी. तिथून दिसत काही नाही, ऐकू मात्र सगळं येतं. आणि गुरुजींचा आवाज असा की बांधावरच्या बैलानंही मान वर करावी. भूगोल, विज्ञान, गणित, इतिहास, सगळं एकाच पट्टीत. प्रत्येक उत्तर वर्गाकडून तीनदा वदवून घ्यायचे आणि शेवटी ठरलेलं विचारायचे, "समजलं का गाढवांनो?"

पहिली काही वर्षं कौसल्यानं ते नुसतं ऐकलं. तांदूळ निवडता निवडता कानावर पडायचं, पडू द्यायची. पायल पाचवीत गेली आणि सगळं बदललं.

त्याचं कारण गुरुजींचा शनिवार. शनिवारी सकाळची शाळा, त्या दिवशी तोंडी परीक्षा. सगळी पोरं उभी. ज्याला उत्तर आलं, त्यानं बाकीच्यांच्या एकेक कानाखाली द्यायची. हळू दिली तर देणाऱ्यालाच दोन. गुरुजी स्वतः बोट लावायचे नाहीत. कौसल्या एकदा पदर खोचून विचारायला गेल्ती तेव्हा शांतपणे म्हणाले, "कायदा हाये बाई, मास्तरला हात लावता येत न्हाई. मी लावला का कुणाला? पोरं पोरांसोबत खेळून राह्यलेत."

त्या वर्षी पायल दर शनिवारी मार खाऊन घरी. गाल लाल, कान गरम. शनिवार उजाडला की पोरीच्या पोटात दुखायला लागायचं. कौसल्या जाळीखाली उभी राहून प्रत्येक आवाज ऐकायची, आणि त्यातला आपल्या पोरीचा कुठला तो तिला ओळखू यायचा. कसा, ते विचारू नका. आईला येतो.

मंग तिनं ठरवलं. कान टवकारून ऐकायला लागली. डाळ धुताना अपूर्णांक, लसूण सोलताना मोहेंजोदडोचं मोठं स्नानगृह, पातेल्यावर झाकण ठेवताना पाण्याची वाफ. संध्याकाळी भाकरी थापता थापता ती पायलला सगळं म्हणून दाखवायची, गुरुजींच्याच शब्दांत, गुरुजींच्याच चालीत. पायल पुस्तक धरून बसायची आणि पडताळून बघायची. आईचा एक शब्द इकडचा तिकडं नसायचा.

सहावीच्या दिवाळीपर्यंत पायल पहिली आली. पहिली म्हणजे नुसती पहिली नव्हे, आता शनिवारी मारणारी तीच. आणि पोरीचा हातही असा बसला होता म्हणता! फाट, फाट, फाट. इकडं कौसल्या डाव हातात धरून मोजायची. "अकरा," ती उषाबाईला सांगायची, "आज माझ्या पोरीनं अकरा जणांला हाणलं." उषाबाई तिच्यासोबतची दुसरी स्वयंपाकीण, वयानं मोठी. त्या अकरात उषाबाईचा नातू सुमित असायचा. उषाबाई मान खाली घालून पातेल्यात पाणी ओतायची. कौसल्याला ते दिसायचं. दिसूनही ती पुढच्या शनिवारी पुन्हा सांगायची. खरं ते खरं, त्या दिवसांत कौसल्या लई माजली होती.

पण तिच्या माजाला एक काटा होता. पायल वर्गात सांगायची, माझी मीच अभ्यास करते. खिचडीच्या रांगेत आईसमोर आली की अनोळखी बाईकडून घ्यावी तशी ताट पुढं करायची. एकदा कौसल्या रांगेतच म्हणाली, "पायल, काल सांगितलेलं ध्यानात हाये ना गं?" घरी आल्यावर पोरगी फणकारली, "सगळ्यांसमोर कशाला बोलतीस? तुला काय कळतं? तू खिचडीवाली हाईस."

कौसल्याच्या जिव्हारी लागलं. जी विद्या आपण कानातून काढून हिच्या तोंडात घातली, तिचीच धार आपल्याला! त्या दिवसापासून तिला एकच गोष्ट हवी होती. पोरीनं एकदा, फक्त एकदा, चार माणसांत बघावं की आपल्या आईला येतं. बाकी काही नको. ना पगारवाढ, ना सत्कार.

ती संधी संक्रांतीनंतर चालून आली. शाळेत माता-पालक मेळावा होता. तीस-पस्तीस बाया नटूनथटून आल्त्या, तिळगूळ झाला, संगीत खुर्ची झाली. गुरुजी रंगात आले. म्हणाले, "आता आयांचा तास! सहावीचे प्रश्न. जिला येणार न्हाई, तिच्या गालाला तिच्याच लेकरानं हात लावायचा. हलकाच, बरं का!"

बाया खिदळल्या. एकेक उठली, एकेक चुकली. लेकरं लाजत लाजत आयांच्या गालाला बोटं टेकवून पळाली. एका मुलानं तर मारायच्या जागी आईची पापीच घेतली. मोठी मजा चालली होती. सगळ्यांना कळत होतं की हा खेळ आहे. एकट्या कौसल्याला कळत नव्हतं. तिनं हात पुसले, पदर सारखा केला आणि स्वतःहून पुढं आली.

"महाराष्ट्राच्या शेजारची राज्यं सांग," गुरुजी हसत म्हणाले.

कौसल्यानं श्वास घेतला आणि एका दमात सोडलं, "गुजरात, मध्य प्रदेश, छत्तीसगड, तेलंगणा, कर्नाटक आणि गोवा, समजलं का गाढवांनो?"

तोंडातून निघून गेलं. दीड वर्ष तसंच ऐकलेलं, तसंच भाकरीवर म्हटलेलं. आणि असा हशा पिकला की बाया एकमेकींच्या अंगावर पडल्या. गुरुजींचा आवाज, गुरुजींची चाल, हुबेहूब! सातवीची पोरं तर बाकं बडवायला लागली. आजवर ज्या माणसासमोर कुणी खोकलं नव्हतं, त्याची गावासमोर नक्कल झाली. कौसल्या कसनुशी हसली. तिला वाटलं, उत्तर बराबर आलं म्हणून लोक खूश झाले. पायल कोपऱ्यात उभी होती, तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. आई रोज घरी अशी बोलते हे आता सगळ्यांना कळलं, आणि आपण पहिल्या कशा आलो, हेही.

गुरुजी हसले नाहीत. कपाटामागून नकाशा काढला, जुना, कापडी, नुसत्या रेघांचा, एकही नाव नसलेला. समोरच्या भिंतीवर टांगला. "लई हुशार हाईस," ते म्हणाले. "गडचिरोली दाखव."

हा नकाशा कौसल्यानं जन्मात पाहिला नव्हता. पायलच्या पुस्तकातलं चित्र भाकरीच्या हातानं कोण बघतंय! पण उत्तर तिला येत होतं. गडचिरोली महाराष्ट्राच्या अगदी पूर्वेला. आणि पूर्व कुठं हे तिला कुणी शिकवायची गरज नव्हती. नऊ वर्षं शनिवारच्या सकाळच्या शाळेला ती या आवारात सूर्य वर येताना बघत आली होती. भिंत दक्षिणेची, तिच्याकडं तोंड केलं की सूर्य डाव्या हाताला वर येतो. तिनं डावा हात उचलला आणि नकाशाच्या डाव्या टोकाला, रेघेच्या पार बाहेर, ठामपणे बोट टेकवलं.

"बुडाली!" सातवीतला आर्यन ओरडला. "गडचिरोली समुद्रात बुडाली!"

आधीचा हशा काहीच नव्हता. कौसल्या गोंधळली. बोट तिथंच धरून म्हणाली, "पण सूर्य तर इकडूनच उगवतो की."

"नकाशात सूर्य उगवत न्हाई, कौसल्याबाई," गुरुजी म्हणाले, आणि मेळावा पोट धरधरून हसला. त्या खोलीत तीच एकटी खरं बोलत होती, आणि तिच्या बाजूनं बोलायला कुणाच्या बापाला सुचलं नाही. गुरुजींना कळलं होतं. ती का चुकली ते त्या माणसाला त्याच क्षणी कळलं होतं. पण ज्याची नक्कल झाली तो कशाला सांगतोय! "नियम म्हणजे नियम. पायल, ये. हलकाच, बरं का."

पायल आली. लाजली नाही, हसली नाही. आईच्या समोर उभी राहिली, आणि शनिवारचा सगळा सराव हातात आणून तिनं अशी ठेवून दिली की कौसल्याचा कानातला झुबा निसटून फरशीवर पडला.

हसणं जागच्या जागी थांबलं. गुरुजीसुद्धा "अगं" म्हणाले. कौसल्यानं खाली वाकून झुबा उचलला, कानात घालायला गेली, भोक सापडेना. तशीच मुठीत धरून ती स्वयंपाकाच्या खोलीत आली. उषाबाईनं तिला पाण्याचा तांब्या दिला. काही बोलली असती तर बरं झालं असतं.

घरी दोन दिवस गेले. पायलची माफी नाही, रडणं नाही. कौसल्या वाट बघत राहिली. शुक्रवारी संध्याकाळी पोरगी पुस्तक घेऊन चुलीपाशी आली, रोजच्यासारखी बसली. "आई, उद्या विज्ञान हाये. आहाराचा धडा. सांग ना जल्दी."

कौसल्यानं भाकरी उलटली. "मला काय कळतं?" ती म्हणाली. "मी खिचडीवाली."

"आई, सांग ना."

"वाच की तुझं तू."

पोरगी बसून राहिली. पुस्तक समोर होतं, पण कानानं शिकायची सवय लागलेली, अक्षरं नुसती डोळ्यांपुढून जात होती. थोड्या वेळानं ती न जेवताच उठली. कौसल्यानं तिला हाक मारली नाही.

शनिवारी भिंतीपलीकडं प्रश्न आला. कोणत्या जीवनसत्त्वाच्या अभावानं रातांधळेपणा होतो? कौसल्याला उत्तर येत होतं. मागच्या महिन्यात मेथी निवडताना ऐकलं होतं. पलीकडं पायलचा आवाज आला नाही. सुमित उत्तरला. मंग मार सुरू झाला, आणि चौथा आवाज पायलचा होता. हळू नव्हता. सुमितनं दिवाळीपासूनचं साठवून दिला होता.

उषाबाईच्या तोंडावर हसू आलं, तिनं पदरानं झाकलं. कौसल्याला ते दिसलं, आणि राग आला नाही. तिला बरं वाटलं. पोटच्या पोरीला मार बसला आणि आपल्याला बरं वाटलं, हे तिला स्वच्छ कळलं, लाज वाटली, आणि तरीही बरं वाटायचं थांबलं नाही.

सुट्टी झाली. रांग लागली. पायल ताट घेऊन समोर आली, गालावर चार बोटं उठलेली. या वेळी तिनं आईकडं बघितलं. डोळे भरलेले, ओठ हलले, "आई..." एवढंच.

कौसल्यानं सगळ्यांना दिली तेवढीच खिचडी तिच्या ताटात घातली.

"पुढं सरक," ती म्हणाली. "माघं पोरं उभी हाईत."