गोठ्यातली साडी

नेसरी गाव सोडलं त्या सकाळी टेम्पोत सामान भरून झालं, तरी मी गोठ्यातच होते. माझी जुनी हिरवी साडी खुंटीला अडकवली आणि धाकट्या जावेला, सुरेखाला, बजावलं, "धारंला बसताना हीच नेसायची. आणि धुवायची न्हाय."

आमची चंद्री म्हैस माझ्याशिवाय कुणाला पान्हा सोडत नसे. साडीला माझा वास, त्यावर ती फसेल एवढाच विचार. आईनं मला लग्नाआधीच सांगून ठेवलं होतं, "म्हस तोंड बघत न्हाय, वास बघती." सुरेखा म्हणाली, "व्हय आक्का." टेम्पो सुटला. रडायला सवड नव्हती, मांडीवर गॅसची शेगडी होती.

नवऱ्याला कोल्हापुरात कारखान्यात कायमची नोकरी लागली म्हणून आम्ही आलो. त्यात दुःख करण्यासारखं काही नाही. इथं नळाला पाणी येतं, दवाखाना हाकेवर आहे. तरी रोज संध्याकाळी मी सुरेखाला फोन करायचे.

"साडी नेसलीस?"

"नेसली आक्का."

"दिलं का?"

"दिलं की."

फोन ठेवला की बरं वाटायचं. बादली सुरेखाच्या हातात असली, तरी चंद्री दूध देत होती मला.

चैत्रातल्या एका रविवारी नवरा म्हणाला, "चल, शहर बघूया. खिडकीतनंच किती बघणार?" ऊन चांगलंच तापलं होतं. शाहूपुरीतून चालत टाऊन हॉलच्या बागेत गेलो. मोठ्या झाडांखाली बायका चपला काढून निवांत बसल्या होत्या, माझ्याच वयाच्या. एकीच्याही डोक्यात वैरणीचा विचार नव्हता. त्यांचा मला रागच आला. मीही बसून पाहिलं. जमेना. मग मंगळवार पेठेच्या गल्ल्या, नंतर रंकाळा. तिथं भेळ खाल्ली. पाण्यावरून वारा येत होता आणि सगळं कोल्हापूर आपलंच असल्यासारखे लोक कट्ट्यावर बसले होते. त्यांचं होतंच म्हणा.

उन्हं कलल्यावर गंगावेशीत आलो आणि मी थांबले. भर चौकात म्हशी उभ्या. लोक येतात, गवळी समोरच धार काढतो आणि फेसाळलेला पेला हातात देतो. रिक्षांचे हॉर्न, माणसांची ये-जा, आणि म्हैस आपली रवंथ करत उभी.

"पावणं, घ्या की. आत्ता काढलंय," गवळी नवऱ्याला म्हणाला.

मी विचारलं, "एवढ्या गोंगाटात पान्हा चोरत न्हाय व्हय ही?"

"आधी चोरायची, काकी. मग झाली सवय."

ते मला आवडलं नाही. तिथंच उभ्याउभ्या सुरेखाला फोन लावला. "साडी नेसलीस?"

पलीकडं तिनं बादली खाली ठेवल्याचा आवाज आला. मग म्हणाली, "आक्का, रागावू नगासा. साडी आठवड्यापास्नं धुऊन ठेवलीया. चंद्री आता मला बी वळखती. तुमास्नी वाईट वाटंल म्हणून बोलली न्हाय."

"वाईट कशाला वाटंल? बरंच झालं की. किती देती?"

"तुमी हुता तवापरास मापभर जास्तच."

नवऱ्यानं पेला पुढं केला. मी प्यायले. "पातळ हाय."

"अगं, चांगलं दाट हाय की! काय झालं?"

"काय न्हाय."

गावाकडची माणसं फोनवर विचारतात, आठवण येते का. खरं सांगते, आठवण फारशी येत नाही, हेवा वाटतो. माझ्या जागेवर दुसरी बसली आणि दूध वाढलं. ती वाईट असती तर बरं झालं असतं, भांडता तरी आलं असतं. आपल्यावाचून जिथं अडतं ते घर, असं मी धरून चालले होते. नेसरीत आता माझ्यावाचून अडत नाही आणि कोल्हापुरात अजून अडायला लागलेलं नाही.

साडी मी एसटीनं मागवून घेतली. साबणाचा वास येत होता. हल्ली झाडलोट, स्वयंपाक सगळं तीच नेसून करते आणि धुवायला टाकत नाही. नवरा नाक मुरडतो. मुरडू दे. मे महिन्यात गावी जाईन तेव्हा तीच नेसून गोठ्यात जाणार आहे, आणि सुरेखालाही शेजारी उभं करणार आहे.