पेटीच्या फटीतला सूर

दुबईत आजवर जेवढी मराठी माणसं उतरली, त्यांत आमच्या रूमवरच्या काकांइतका नमता माणूस दुसरा उतरला नसेल. आणि हे मी कौतुकानं नाही, वैतागून लिहितोय. लिफ्टचं दार काकांच्याच खांद्यावर आपटायचं आणि सॉरी काका म्हणायचे. हॉटेलवाल्यानं डोशाऐवजी उपमा आणून ठेवला, तर "असू दे, माझ्या मनात उपमाच होता" म्हणून संपवायचे. आम्ही दोघं एकाच कंपनीत. इमारतींच्या एसी डक्टमधली हवा मोजून ती खोल्याखोल्यांत सारखी वाटायची हे त्यांचं काम, आणि त्याचे कागद सांभाळायचं माझं. करामा भागातल्या आमच्या खोलीतला एसी मात्र चार वर्षं नुसता घरघरत होता, कारण वॉचमनला सांगणं काकांच्या जिवावर यायचं. मी पुण्यात कॉलेजात पत्रकं लिहिलेला माणूस. पहिल्या ओळीत तीन उद्गारचिन्हं नसतील तर मला ते पत्रक वाटायचंच नाही. "काका, मान वर करून बोला!" हे मी त्यांना किती वेळा सांगितलं असेल! त्यावर ते मान खाली घालून हसायचे.

अशा माणसानं वयाच्या चोपन्नाव्या वर्षी तुर्की बासरी शिकायला घेतली. तिला नेय म्हणतात. बोरूची लांब नळी, वर एक टोपण. ओठांच्या कोपऱ्यातून तिरकी फुंकायची. साइटवरचा एक तुर्की फोरमन देशी परतताना ती काकांना देऊन गेला आणि दर शनिवारी व्हिडिओ कॉलवर शिकवू लागला. पहिले दोन महिने तिच्यातून फक्त हवा आली. "काका, हीपण डक्टच निघाली," मी म्हटलं, तर त्यांनी गंभीरपणे मान डोलावली. हा उपद्व्याप कशासाठी, तर त्यांच्या आईच्या पाळण्यासाठी. काका गावच्या भजनात पेटी वाजवायचे, पण आई पाळणा म्हणायची त्यात एक सूर असा होता की तो पेटीत सापडायचाच नाही. शुद्ध मध्यमाच्या वर, तीव्र मध्यमाच्या अलीकडे, पांढऱ्या नि काळ्या पट्टीच्या मधल्या फटीत. "तुझी पेटी बहिरी आहे रे," आई म्हणायची. तो सूर काकांना तीस वर्षांनी एका अर्धवट इमारतीच्या जिन्यात, त्या फोरमनच्या बासरीतून ऐकू आला, आणि आमच्या शनिवारांची वाट लागली.

नेयवर सूर चढवायचा तर बोट अर्धंच उचलायचं आणि त्याच वेळी हनुवटी जरा वर न्यायची. बोट काकांना जमलं, हनुवटी जमेना. "हबीबी, सर ऊपर! ऊपर!" फोरमन फोनमधून ओरडायचा. (चार वर्षं मी वेगळं काय सांगत होतो?) महत्प्रयासानं हनुवटी वर गेलीच, तर पेटीवाल्याचा कान त्यांना सरळ काळ्या पट्टीवर नेऊन बसवायचा. "ये ज्यादा हो गया! खलास!" म्हणून फोरमन कपाळाला हात लावायचा. खाली मान किंवा एकदम काळी पट्टी. मधलं काही काकांच्या मानेला ठाऊकच नव्हतं.

लेकीचा साखरपुडा काकांनी फोनवर बघितला, डोहाळजेवणही फोनवरच. आता नात झाली होती आणि बारशाला तो पाळणा आपण वाजवायचा, आईच्या देखत, हे त्यांनी ठरवलं होतं. आई ऐंशीच्या पुढची. रजेचा अर्ज तीनदा परत आला. चौथा मी लिहून दिला, दीड पान, इंग्रजीत, शेवटी "वुई कंडेम". काकांनी तो दोनदा वाचला. "छान लिहितोस. पण हे 'वुई' कोण? मी तर एकटाच आहे." मग त्यांनी तो बासरीच्या टोपणाला गुंडाळून ठेवला.

बारसं चार दिवसांवर आलं आणि मीटिंगमध्ये मॅनेजर म्हणाले, "कल से फुजैरा साइट. तीन हफ्ते. लीव्ह उसके बाद, इन्शाल्ला." मी मिनिट्स टाइप करत होतो. शेजारी काकांची हनुवटी हळूहळू वर येताना मला दिसली, अगदी बासरीवर न्यायची तशी. आवाज चढला नाही, पडलाही नाही.

"नहीं जाऊंगा, सर. नात का बारसा है."

"बारसा क्या होता है?"

"नाम रखते हैं, सर. मेरे को बजाना है उधर."

मॅनेजर माझ्याकडे वळले. "तुम समझाओ इनको."

आणि मी, तीन उद्गारचिन्हांचा माणूस, स्क्रीनवरची नजर न काढता म्हणालो, "येस सर."

काका गावी गेले. रजा मिळाली, व्हिसाचं रिन्यूअल मात्र मिळालं नाही. बारशाच्या दिवशी त्यांनी मला फोन लावून दिला. पाळण्यापाशी गर्दी, आई खुर्चीत, काका उभे राहून वाजवतायत. नेमकं त्या सुराशी नेटवर्क गेलं. हनुवटी वर, डोळे मिटलेले, असे काका माझ्या फोनमध्ये कितीतरी वेळ गोठून राहिले. चित्र पुन्हा हललं तेव्हा वाजवून झालं होतं आणि म्हातारी कुणाला तरी सांगत होती, "लागला हो एकदाचा."

मला तो अजून ऐकायचाय.

फुजैराला कुणीतरी जायला हवंच होतं. मला विचारलं, मी "ओके सर" म्हणालो. तीन आठवड्यांचं आता वर्ष होत आलं. इथल्या खोलीत पलंग एकच, खिडकीतून तेलाच्या टाक्या दिसतात, एसी उत्तम चालतो. शनिवारी दाढी करताना मी आरशासमोर हनुवटी वर नेऊन बघतो. दाढीपुरती जाते.