चाचांचं चौसष्ट मार्कांचं नाणं

डॉलरचाचा नाणं कधी तळहातावर घेत नसत. दोन बोटांनी फक्त कडेला धरत, खिडकीच्या उजेडात तिरकं करत आणि तेवढा वेळ श्वास रोखत. "तोंडाची वाफ लागते गो," म्हणत.

चाचा मूळचे दापोलीकडचे. तरुणपणी मालवाहू जहाजावर होते, तेव्हा कॅनडाच्या बंदरांत चांदीचे डॉलर त्यांच्या हाती आले. एका बाजूला राजाचा चेहरा, दुसऱ्या बाजूला होडी वल्हवणारे दोघे. बाकीच्या खलाशांनी आपले डॉलर खर्चून टाकले; चाचांनी त्या होडीपायी सात ठेवून घेतले. मी त्यांना ओळखायला लागले तेव्हा ते सौदीत, जेद्द्याच्या एका इस्पितळात लाँड्रीत काम करत होते; बाबांच्या नोकरीमुळे आम्हीही तिथेच राहत होतो. शराफिया वस्तीतल्या त्यांच्या खोलीत आठ जण राहत, म्हणून नाण्यांचा डबा आमच्या घरी, आईच्या कपाटात असे. जुम्म्याची नमाज झाली की चाचा यायचे आणि आई चहा टाकायची.

भिंगातून ते राजाचे कानावरचे केस बघत, गाल बघत, मग होडीजवळच्या पाण्याच्या रेघा. झीज आधी उंच भागावर दिसते, हे मला त्यांनीच शिकवलं. शेवटी, नाणी जमवणारे देतात तसे, सत्तरपैकी मार्क देऊन ते कागदी पाकिटावर पेन्सिलीने लिहीत. त्यांचा हात फार आखडता. माझे बाबा एसी दुरुस्त करायचे, ते चिडवत, "चाचा, तुम्ही मास्तर असता तर मी पहिलीतच बसलो असतो!" चाचा म्हणत, "आपल्याच नाण्याला जादा मार्क देऊन फसवायचं कुणाला?"

एका नाण्याला मात्र त्यांनी चौसष्ट दिले होते. ते कधी वापरलंच गेलं नव्हतं. वर नुसती काळपट छटा चढली होती. नाणं घासायचं नाही, घासलं की त्याचा मूळ पृष्ठभाग जातो, हे चाचांनी मला कधी सांगितलं नाही. त्यांना ते इतकं उघड वाटत असावं, की सांगायचं सुचलंच नसेल.

चाचा चौथी शिकलेले. आपण दिलेले मार्क बरोबर आहेत का, हे सांगणारं जाणतं माणूस त्यांना कधीच भेटलं नव्हतं. "एकदा कुणी बघून म्हणावं, बरोबर आहे. बास," ते म्हणत. मी दहावीत असताना इस्पितळात कॅनडाचा एक डॉक्टर आला. तोही नाणी जमवणारा. चाचांनी मोडक्यातोडक्या इंग्रजीत त्याला आमच्याकडे चहाला बोलावलं.

आमच्याकडे दिवाळीला लक्ष्मीचा चांदीचा शिक्का दंतमंजनाने घासून लख्ख करतात. पाहुणा येणार म्हणून मी, कुणाला न विचारता, ते काळवंडलेलं नाणंही तसंच घासलं. चाचा खूश होतील, असं मला खरंच वाटलं होतं.

शुक्रवारी चाचांनी पाकीट उघडलं आणि त्यांचा हात तिथेच थांबला. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. डॉक्टरने भिंग लावलं, मान हलवली. घरात नीट इंग्रजी मलाच येत होतं, त्यामुळे दुभाषी मीच. डॉक्टर म्हणाला, हे घासलंय, वाईट झालं, आता याला मार्क देता येणार नाहीत. कुणी केलं हे?

मी कसंबसं ते मराठीत सांगितलं.

"सांग त्याला, मीच घासलं."

"पण चाचा..."

"सांग गो. पाहुणा खोळंबलाय."

आणि मी सांगितलं. डॉक्टर हसला. दुष्टपणे नाही, अडाणी माणसाची कीव आल्यावर हसतात तसा. बाकीची सहा नाणी त्याने पाहिलीच नाहीत. चहा घेऊन, आभार मानून तो निघून गेला.

चाचांनी पाकिटावरचं चौसष्ट खोडलं आणि 'घासलेलं' असं लिहिलं. मी रडायला लागले, तेव्हा म्हणाले, "रडतेस कशाला? चोरी नाय केलीस."

पुढच्या वर्षी चाचा नोकरी सोडून कायमचे गावी गेले. त्यांना सोडायला आईबाबा विमानतळावर गेले. मी परीक्षेचं कारण सांगितलं, परीक्षा नव्हती. वर्षभरातच ते वारल्याचा फोन आला.

आता मी रत्नागिरीला कॉलेजात आहे. आमच्या घरातून कॉलेजपर्यंत पोचलेली मी पहिलीच. सगळे म्हणतात, हिचं इंग्रजी चांगलं आहे. मला ते ऐकवत नाही. चाचांनी मला माफी मागू दिलीच नसती, आणि आता ती वेळही गेली. पण तो डॉक्टर कुठेतरी असेल, आणि त्याच्या लेखी चाचा म्हणजे चांगलं नाणं घासून वाया घालवणारा एक म्हातारा. त्याला खरं काय ते सांगायला हवं. त्याचं नावसुद्धा मला आठवत नाही.