अहवालाचं चौथं पान

या वर्षी मार्चच्या दुसऱ्या रविवारी सकाळी साडेनऊच्या सुमारास माझ्या मोठ्या भावाने धाकट्या भावाचा उजवा हात लोखंडी अँगलने मोडला. पहिला फटका कोपराखाली बसला, दुसरा मनगटाच्या जरा वर. तिसरा मी अडवायला गेलो तेव्हा अँगलचं टोक माझ्या ओठाला लागलं. जागा आमच्या घरासमोरचं अंगण. शेजारची सात-आठ माणसं कुंपणापाशी उभी होती.

धाकटा त्याच अंगणात कूलरच्या मोटारींचं वाइंडिंग करतो, म्हणजे जळलेल्या मोटारींत नवी तार भरतो. नागपुरात मार्च ते जून हा त्या कामाचा हंगाम. अँगल त्याच्याकडे दुरुस्तीला आलेल्या एका कूलरच्या स्टँडचा होता.

प्रकरण सुरू झालं होतं तीन आठवडे आधी. मोठा भाऊ बुटीबोरीच्या एका सूतगिरणीत फिटर आहे. शहराच्या कडेला, बेसाला दोन खोल्यांचा फ्लॅट त्याने पाहून ठेवला होता, टोकन दिलं होतं आणि बँकेत गृहकर्जाचा अर्ज टाकला होता. त्याच सुमारास त्याला फोन यायला लागले. फोन करणारा नाव-आडनाव घेऊन मोटरसायकलच्या कर्जाचे थकलेले हप्ते मागायचा. असं कर्ज मी घेतलंच नाही, हे मोठ्या भावाने तीनदा सांगितलं. चौथ्या फोनवर त्या माणसाने आमच्या आईला शिव्या दिल्या आणि घर जाळू म्हणाला.

पुढच्या बुधवारी पहिली पाळी सुटताना गिरणीच्या फाटकापाशी दोघांनी मोठ्याला गाठलं. एकाने कॉलर धरली, दुसऱ्याने तोंडावर हेल्मेट मारलं. खालचा एक दात पडला. पाळी सुटलेले कामगार बघत होते, फाटकावरचा गार्डही बघत होता. मारून झाल्यावर त्यातला एक जण जमलेल्यांना हिंदीत म्हणाला, ये आदमी चोर है. मोठा पोलिसांत गेला नाही. पोलीस केस झाली तर कर्ज मिळणार नाही, असं त्याला वाटलं.

कर्ज तसंही मिळालं नाही. क्रेडिट स्कोअर तीनशे ते नऊशेच्या दरम्यान असतो. त्याचा पाचशे अडतीस निघाला. बँकेतल्या बाईंनी त्याला सांगितलं की वर्षातून एकदा पूर्ण क्रेडिट अहवाल फुकट मिळतो, तो काढून बघा. त्याने तो काढला आणि रविवारी सकाळी प्रिंट माझ्या हातात दिली. मी वर्तमानपत्रात काम करतो. असले कागद घरात मीच वाचतो.

मी अंगणात उभा राहून मोठ्या आवाजात वाचलं. तिसऱ्या पानावर दोन खाती होती. पहिलं मोबाइलच्या हप्त्यांचं, सगळे हप्ते वेळेवर, खातं बंद. तो मोबाइल धाकट्याचा. ज्याचा स्कोअर चांगला त्याच्या नावावर फोन किंवा फ्रिज उचलायचा आणि दर महिन्याला हप्ता त्याच्या हातात द्यायचा, ही पद्धत आमच्या गल्लीत सर्रास आहे. दुसरं खातं दुचाकी कर्जाचं होतं. अकरा महिन्यांपासून एकही हप्ता नाही. थकलेली रक्कम मी वाचून दाखवली. अहवालाला चौथं पान होतं. ते मी उलटलं नाही.

मोठा धाकट्याकडे वळला. मोबाइल घेताना दिलेल्या आपल्या कागदांच्या झेरॉक्स याच्याकडे राहिल्या होत्या, हे त्याने सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं. धाकटा हातातली मोटार खाली ठेवून म्हणाला, "गाडी असती तं मी मोटरा सायकलवर आणल्या असत्या का गा दादा?"

"विकली असशील. मग हे कर्ज कोणाचं आहे? तुह्या बापाचं?"

"बाप तं आपला एकच होता."

कुंपणापाशी कोणीतरी हसलं. मोठ्याने अँगल उचलला.

दुसऱ्या फटक्यानंतर धाकट्याच्या मनगटावरचं हाड कातडीबाहेर आलं. तो खाली बसला. मोठ्याने त्याच्या बरगडीत लाथ घातली आणि चोर हा शब्द चार-पाच वेळा म्हटला. आईने मधे येऊन मोठ्याच्या दंडाला चावा घेतला, तेव्हा तो थांबला.

सरकारी दवाखान्यात डॉक्टरांनी धाकट्याला कसं लागलं ते विचारलं. कूलर बसवताना स्टुलावरून पडलो, असं त्याने सांगितलं. तसं लिहिलं गेलं. हातात दोन प्लेटा बसवल्या. माझ्या ओठाला दोन टाके पडले.

आठ दिवसांनी मी अहवाल पुन्हा वाचायला घेतला. चौथ्या पानावर कर्जदाराचे पत्ते आणि फोन नंबर होते. चार पत्त्यांपैकी तीन आमच्या ओळखीचे. चौथा उमरेडचा. आमच्या घरातलं कोणी उमरेडला कधी राहिलेलं नाही.

मी एसटीने उमरेडला गेलो. त्या पत्त्यावर कोळशाच्या खाणीतला टिप्पर ड्रायव्हर राहत होता. त्याचं नाव आणि आडनाव मोठ्या भावाचंच. बापाचं नाव वेगळं. जन्मतारीख विचारली तर एक जून म्हणाला. मोठ्याचीही एक जून. साल तेच. दोघांना शाळेत घालताना खरी तारीख घरात कोणाला ठाऊक नव्हती आणि गुरुजींनी एक जून लिहिली.

"आमच्या वर्गात साऱ्यायचीच एक जून होती," ड्रायव्हर म्हणाला.

त्याने कर्जाचे कागद दाखवले. फॉर्मवर पॅन नंबर नव्हता, मतदार ओळखपत्र जोडलं होतं. नाव, तारीख आणि जिल्हा जुळल्यामुळे त्याचं खातं मोठ्याच्या अहवालात गेलं होतं. वसुलीच्या माणसांना मोठ्याचा फोन नंबर आणि गिरणीचा पत्ता त्याच अहवालातून मिळाला, असं कर्ज देणाऱ्या कंपनीच्या शाखेत मला नंतर सांगण्यात आलं. ड्रायव्हरची गाडी त्यांनी आधीच भर रस्त्यात ओढून नेली होती. त्याने चावी दिली नाही म्हणून त्याची बोटं आपल्या जीपच्या दरवाजात चेंगरली होती. दोन नखं अजून आली नव्हती. झेरॉक्स मात्र त्याने मागताच दिल्या.

अहवाल काढणाऱ्या कंपनीकडे तक्रार मी भरली. महिन्याच्या आत खातं अहवालातून निघालं. नवा स्कोअर सातशे एकाहत्तर आला. बँकेने फाइल पुन्हा उघडली आणि मे अखेरीस कर्ज मंजूर झालं.

धाकट्याची एकच मागणी होती. याच अंगणात, याच लोकांसमोर मोठ्या भावाने म्हणावं की कर्ज धाकट्याने काढलं नव्हतं. गल्लीत त्याला आता चोर म्हणत. दोन गिऱ्हाइकांनी भरायला दिलेल्या मोटारी परत नेल्या होत्या. मोठा जूनमध्ये पाकीट घेऊन आला. ऑपरेशनचा आणि बुडालेल्या हंगामाचा खर्च त्यात होता. धाकट्याने ते डाव्या हाताने नालीत फेकलं.

"चूक कंपनीची होती," मोठा म्हणाला. "मी लोकायले काय सांगू?"

"मारलं तं तूनं. कंपनी नाही आली अंगणात."

मोठ्याने त्याची मान धरून त्याला भिंतीवर आपटलं. मग सोडलं, नालीतलं पाकीट उचललं आणि निघून गेला. ऑगस्टमध्ये तो बेसाला राहायला गेला. गल्लीत कोणाला काही सांगितलं नाही.

त्याच महिन्यात धाकटा पोलीस ठाण्यात गेला. दवाखान्याच्या कागदावर स्टुलावरून पडल्याची नोंद असल्याने साक्षीदार लागणार होता. कुंपणापाशी उभे असलेल्यांपैकी कोणी तयार झालं नाही. आईने मला सांगितलं की त्या दिवशी मी घरी नव्हतो म्हण. मोठ्याचा फोन आला.

"तू पेपरवाला आहेस. काय गाळाचं ते तुले समजते. काहून घर फोडून राहिला?"

मी सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारी ठाण्यात जबाब दिला. कोणी मारलं, कशाने, किती फटके, हे सांगितलं. अहवाल मी अर्धाच वाचला होता, हे सांगितलं. कर्ज धाकट्याने काढलं नव्हतं, हे वाक्य हवालदार लिहीत नव्हता. गुन्ह्याशी त्याचा संबंध नाही, असं त्याचं म्हणणं पडलं. मी उमरेडच्या कागदांच्या झेरॉक्स टेबलावर ठेवल्या आणि वाक्य पुन्हा सांगितलं. त्याने ते लिहिलं.

अशा जबाबावर साक्षीदाराची सही घेत नाहीत. हवालदाराने दोन्ही पानं वाचून दाखवली, धाकटा शेजारच्या बाकावर बसून ऐकत होता. मी बरोबर आहे म्हणालो, तसं खाली लिहिलं गेलं. मोठ्याने दुसऱ्या दिवशी सकाळी अकरा वाजता ठाण्यात हजर राहावं, अशी नोटीस दुपारी निघाली.